लेखणीला तलवार म्हणू नका



जयंतीच्या दिवसांत आपल्याकडं कवितांचा पूर येतो. नालासोपाऱ्यात चाळीपुढं मांडव पडतो, विरारला विहाराच्या ओट्यावर माईक लागतो, पोरं-पोरी जीव तोडून वाचतात. चांगलं आहे. ज्यांच्या आज्याला अक्षराला शिवू दिलं नाही त्यांची नातवंडं माईकसमोर ताठ उभी राहतात, ही साधी गोष्ट नाही. पण नुसतं कौतुक करत बसलो तर आपण टीकाकार कसले? तेव्हा आज एका उपमेची झडती घ्यायची. ती उपमा म्हंजे तलवार. लेखणीची तलवार, शब्दांची धार, म्यानातून उपसलेला विद्रोह. एका कवीकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं, उसन्या सायकलीसारखी ही उपमा फिरते. ती आली की टाळी पडते. टाळी कशाला पडते, हा माझा सवाल आहे.

कुणी म्हणेल, उपमाच तर आहे, एवढं काय त्यात? नाही दोस्तहो. उपमा एकटी येत नाही. ज्या घरातून ती येते त्या घराची नजर ती संगं घेऊन येते. प्रस्थापितांची भाषा नाकारायची म्हणून आपण लिहायला बसलो, आणि हातात घेतली ती त्यांच्याच दिवाणखान्यात टांगलेली वस्तू. मग ती वस्तू आधी नीट बघायला नको?

तलवार म्हंजे काय? मी रोलिंग मिलमध्ये काम करतो, लोखंडाशी माझी रोजची गाठ. तलवार म्हंजे पोलाद. लोखंडात थोडा कार्बन मुरलेला, तापवून, ठोकून लांब केलेला, आणि मग पाणी दिलेला. 'पाणी देणं' हा लोहाराचा शब्द. लाल झालेलं पातं एकदम पाण्यात नाहीतर तेलात बुडवलं की कडक होतं. पण नुसतं कडक ठेवलं तर काचेसारखं फुटतं. म्हणून परत बेताचं तापवून त्याचा ताठा थोडा उतरवायचा. एवढी अक्कल त्या पात्यात आहे. ही अक्कल कुणाची? लोहाराची, घिसाड्याची. धार आणि चकाकी कुणाची? शिकलगाराची. आणि तलवारीवर नाव कुणाचं? जो कमरेला लावून मिरवतो त्याचं.

आज घिसाडी आणि शिकलगार कुठं आहेत? महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. ज्यांच्या हातानं तलवार झाली त्यांना गावात घर नाही, आणि ज्यांनी ती मिरवली त्यांचे चौकात पुतळे. ही तलवारीची पहिली गोष्ट. आपल्या एकाही कवितेत ती नाही.

दुसरी गोष्ट मानाची. लढाईत भाल्यानं, तिरानं, पुढं तोफ-बंदुकीनं कितीतरी जास्त माणसं मारली. पण भाला घेऊन कुणी दरबारात बसत नाही, तोफ कुणी कमरेला लावत नाही. तलवार अंगावर घालता येते, म्हणून ती दागिना झाली, हुद्दा झाली, जात झाली. गावचा जुना दसरा घ्या. अनेक गावांत रेडा मारत. पहिला घाव पाटलाचा, तो मान. रेडा धरायचा, ओढायचा, पुढचं सगळं निस्तरायचं, ते महार-मांगांनी. जनावर एक, रक्त एक. पण एका घावाला मान म्हणायचं आणि बाकीच्या मेहनतीला विटाळ. तलवार काय करते ते या एका घावात कळतं. ती माणसं मारते ते नंतर, आधी माणसांची वरची-खालची रांग लावते.

हे आपल्याच देशात झालं असं नाही. जपानात 1588 साली हिदेयोशी नावाच्या सत्ताधीशानं फर्मान काढलं की शेतकऱ्यांनी आपल्या तलवारी सरकारजमा कराव्यात. कारण काय सांगितलं? क्योतोत बुद्धाची मोठी मूर्ती उभारायची आहे, तिच्या कामाला खिळे लागतील, ते या लोखंडाचे करू, तुम्हाला पुण्य लागेल. बुद्धाचं नाव पुढं करून कष्टकऱ्यांना निःशस्त्र केलं. पुढं कमरेला दोन तलवारी लावण्याचा हक्क फक्त सामुराईंचा राहिला. सरकारनं तो 1876 साली मोडला तेव्हा कितीतरी सामुराईंना आपली जातच गेली असं वाटलं. म्हंजे तलवारीला किंमत येते ती धारेमुळं नव्हे. बाकीच्यांच्या कमरा रिकाम्या असल्या तरच तिला किंमत. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता आपल्या दारात या. वसईचा किल्ला. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली आणि 1739 पर्यंत, म्हंजे 205 वर्षं, ती त्यांच्याकडं राहिली. कोटाच्या आत फिदाल्गो, म्हंजे त्यांचे खानदानी. कोटाबाहेर आगरात, शेतात, बंदरात राबणारे आपण सगळे. याच समुद्रावरून युरोपातली सरळ पाती या मुलखात उतरली. मराठीनं त्या तलवारीला नावच दिलं 'फिरंग'. मूठ इथली, पातं तिकडचं. परवा, 2025 साली, महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावातून नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार 47 लाख 15 हजार रुपयांना आणली. तीसुद्धा फिरंगच. पातं युरोपी घडणीचं, मूठ मुल्हेरी, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचं नाव, त्यांचा सेनासाहेबसुभा हा किताब, शेवटी शब्द 'फिरंग'. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात जी 'जगदंबा' म्हणतात, 1875-76 साली कोल्हापूरकडून प्रिन्स ऑफ वेल्सला नजर झालेली, तिच्या पात्यावर तर येशूच्या नावाची रोमन अक्षरं तीनदा ठोकलेली आहेत. धर्माच्या नावानं ज्या तलवारींची गाणी गातात त्यांचं लोखंड असं गावोगावचं, देशोदेशीचं. लोखंडाला जात नाही. ती नंतर मुठीतून चढते.

ऐतिहासिक वस्तू परत आली याचं मला वाईट वाटत नाही. म्युझियममध्ये राहू दे, पोरांनी बघू दे. सवाल एवढाच आहे, की पात्यावर धन्याचं नाव वाचून झाल्यावर ते ठोकणाऱ्याचं नाव कुठंय असं विचारणारा एक तरी कवी आपल्यात आहे का?

आणि वसई पडली कशानं? फेब्रुवारी ते मे 1739 वेढा चालला. चिमाजी अप्पांच्या फौजेनं तटावर हल्ले केले, माणसं मेली, तट हलला नाही. शेवटी मे महिन्यात सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग उडाले, बुरूज ढासळला, आणि 16 मे ला पोर्तुगिजांनी शरणागतीच्या अटींवर सही केली. म्हंजे वसईचा निकाल तलवारीनं लागला नाही. तो लागला पहारीनं, कुदळीनं, दारूच्या पोत्यानं. ओल्या मातीत, डोक्यावर बुरूज घेऊन, वरून मारा होत असताना ज्यांनी ती भुयारं खणली त्यांची नावं शाळेच्या पुस्तकात येत नाहीत. खणणं हे काम आहे, आणि तलवार हा मान आहे. इतिहास मानाचा लिहितात, कामाचा लिहीत नाहीत. आपण वसईचे कवी, किल्ल्यात फिरायला जातो, सेल्फी काढतो, आणि घरी येऊन पुन्हा तलवारीवरच लिहितो. सुरुंगावर कोण लिहिणार?

आता कायद्याकडं बघू, कारण ही नुसती कवितेची भानगड राहिलेली नाही. 1878 साली इंग्रजानं शस्त्रकायदा केला. देशी माणसानं परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही, गोऱ्याला मात्र सूट. स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र अधिनियम आला. त्याखालच्या नियमांच्या यादीत तलवार आहे, गुप्ती आहे, खंजीर आहे, भाला आहे. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा सुरासुद्धा आहे. पण घरकामाची, शेतीची, कारखान्याची पाती त्यातून वगळली आहेत. या वगळण्याकडं जरा बघा. कष्टाच्या पात्याला कायदाही हत्यार म्हणत नाही. विळा कितीही धारदार असो, तो काम करतो म्हणून तो विळा. तलवार काहीच काम करत नाही, म्हणून तिला परवाना लागतो.

आणि परवान्याचं राजकारण आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. स्टेजवर पुढाऱ्याचा सत्कार होतो, भगवा-निळा-हिरवा कुठलाही असो, त्याच्या हातात तलवार देतात. तो ती वर करतो, फोटो निघतो, बॅनर लागतो. त्याच बॅनरखाली वस्तीतलं पोरगं वाढदिवसाचा केक तलवारीनं कापतं, त्याचा व्हिडिओ फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी येते. अशा बातम्या महाराष्ट्रात कुठं ना कुठं येतच असतात. पुढाऱ्याची तलवार 'प्रतीक', पोराची तलवार 'गुन्हा'. पोरानं शहाणपणा केला असं मी म्हणत नाही. पण त्याला ती भूक कुणी लावली? बॅनरनं लावली, सिनेमानं लावली, आणि, राग येऊ द्या, आपल्या कवितेनंही लावली. तुम्ही टाळी घेऊन घरी जाता. त्याच्या नावावर केस राहते. कंपनीत कायम व्हायची वेळ आली, भरतीचा फॉर्म भरला, पासपोर्ट काढायचा झाला, की ती केस उभी राहते. एका उपमेची एवढी किंमत वस्तीतल्या पोरानं का मोजायची?

इथं माझ्याशी भांडायला पुष्कळ जण उठतील. म्हणतील, अरे तू आपल्याला गांधीबाबाची शेळी करतोस काय? आपण लढवय्ये होतो. भीमा कोरेगाव विसरलास?

विसरलो नाही. 1 जानेवारी 1818. तिथल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं आहेत, त्यांत 22 नावं 'नाक' या शेवटाची, म्हंजे आपली. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथं गेले. पण विचार करा, आपण दरवर्षी तिथं जातो ते कशाला वंदन करायला? तिथं तलवार ठेवलेली नाही. तिथं दगडावर कोरलेली नावं आहेत. पेशवाईत ज्याचं नाव तोंडात घेतलं तरी विटाळ, त्याचं नाव दगडात लिहिलं गेलं. कोरेगावचं सामर्थ्य अक्षरात आहे. आणि ज्या इंग्रजानं नावं कोरली त्यानंच 1890 च्या दशकात महारांची भरती बंद केली. काम संपलं, हत्यार काढून घेतलं. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध काय केलं? अर्ज लिहिला. पेन्शनर शिपायाच्या हातात बंदूक उरली नव्हती, अक्षर उरलं होतं.

पुढं ऑक्टोबर 1941 ला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागं बाबासाहेबांचा जोर होता. तिच्या जुन्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. नंतर स्तंभ गेला आणि त्या जागी खंजीर आला. फौजेनं आपल्या रीतीनं केलं असेल, तो तिचा मामला. पण कवीला हे चित्र दिसलं पाहिजे. नावांचा खांब गेला, पातं आलं. आपल्या कवितेत नेमकं हेच चाललंय.

बाबासाहेबांनी 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये विचारलंय, की एवढं सोसून खालच्या वर्गांनी बंड का केलं नाही? उत्तरही दिलंय. चातुर्वर्ण्यानं त्यांना शस्त्र नाकारलं आणि शिक्षणही नाकारलं. दोन्ही. म्हणून त्यांनी दोन्हीकडं मोर्चा वळवला. 1941 ची रेजिमेंट, 1945 ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 चं सिद्धार्थ कॉलेज. बंदुकीला त्यांनी बंदूक म्हटलं, कॉलेजला कॉलेज. शस्त्र हा हक्काचा सवाल होता, तो त्यांनी सरकारदरबारी मांडला. कवितेत अलंकार म्हणून वापरला नाही. आपल्या चौकातले पुतळे बघा. एकीकडं घोडा, उगारलेली तलवार. दुसरीकडं कोट, काखेत संविधान, खिशाला पेन, पुढं केलेलं बोट. दुसऱ्या पुतळ्याला तलवारीची गरज कधी पडली नाही. मग त्याच्या खिशातल्या पेनाला तलवार म्हणून आपण त्याची बढती करतोय का बदली?

एक दाखला माझ्याविरुद्ध जातो, तोही मांडतो. 1699 साली आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी खालसा उभा केला. पहिल्या पाचांत एक खत्री, एक जाट, एक छिंबा, एक पाणी भरणारा, एक न्हावी. सगळ्यांच्या कमरेला कृपाण. आपल्या संविधानाच्या कलम 25 च्या स्पष्टीकरणात शिखांचा तो हक्क लिहून ठेवला आहे. तिथं तलवार सगळ्यांची झाली. पण सगळ्यांची झाल्याबरोबर काय झालं बघा. ती मानाची पायरी राहिली नाही, एक शपथ झाली. म्हंजे माझं म्हणणं मोडलं नाही, उलट पक्कं झालं. वाटून दिली की तलवार तलवारीसारखी वागत नाही.

आता लेखणीकडं या. मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलं होतं ते काढा. तलवारीला किंमत येते ती बाकीच्यांच्या कमरा रिकाम्या असल्या तर. लेखणीचं उलट आहे. वस्तीत मी एकटाच लिहिणारा असेन तर माझ्या लिहिण्याला कोण वाचणार? शेजारीण लिहायला लागली, घरकामाला जाणारी मावशी अर्ज वाचायला लागली, की माझ्या लेखणीची ताकद वाढते. तलवार वाटली की मालकाची पत घटते. अक्षर वाटलं की लिहिणाऱ्याची पत वाढते. या दोन वस्तू एका जातीच्या नाहीत. म्हणून मी म्हणतो, लेखणीला तलवार म्हणणं हा लेखणीचा अपमान आहे. महाडला 20 मार्च 1927 ला ओंजळ पाण्यात गेली, त्या ओंजळीला कुणी तलवार म्हटलं नाही. तरी तिनं जेवढं कापलं तेवढं कुठल्या पात्यानं कापलं?

मग लिहायचं कशावर? हातातल्या वस्तूवर लिहा. खंडेनवमी म्हंजे खरं तर खांड्याची, तलवारीची पूजा. मिलमध्ये त्या दिवशी पान्ह्याला, हातोड्याला, रोलिंगच्या स्टँडला हळदकुंकू लावतात. ज्यांच्याकडं खांडा कधी नव्हता त्यांनी तलवारीच्या सणात आपली अवजारं बसवली. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि 1956 च्या दसऱ्याला, 14 ऑक्टोबरला, नागपूरला काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. पूजा सोडा. पण पान्हा सोडू नका.

आमच्या मिलमध्ये टीएमटी सळई निघते. भट्टीतून बिलेट येतं, रोलमधून बारीक होत लालभडक सळई धावत येते आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्यातून जाते. वरची साल कडक होते, गाभा मऊ राहतो. म्हणून ती वाकते पण तुटत नाही, म्हणून धरणीकंपात इमारत तग धरते. तलवारीला पाणी देणाऱ्याचीच ही विद्या, पण ती घर उभं करायला लागलीय. वसई-विरारचे हे टॉवर त्या सळईवर उभे आहेत. बाहेरून कडक, आतून मऊ. आपल्या माणसाला याहून चांगली उपमा कुठली? पण तिच्यावर कविता नाही, कारण सळई सिमेंटमध्ये गाडलेली असते, दिसत नाही, मिरवता येत नाही.

किंवा आपल्याच जिल्ह्यातला वारली घ्या. 1945 साली डहाणू-तलासरीकडं वेठीविरुद्ध वारली उठला, गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. त्याचा मोठा हिसका कशात होता? विळा उगारण्यात नव्हता. विळा खाली ठेवण्यात होता. गवत उभं राहिलं आणि सावकार, ठेकेदार आडवे झाले. तलवार उपसली तर भीती. विळा खाली ठेवला तर सगळा धंदाच बंद. हे तलवारीला कधी जमणार नाही, कारण तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

शेवटी सोपारा. आपण तिथं वंदनेला जातो. त्या स्तूपाच्या टेकाडाला जुने लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. बुरूड म्हंजे टोपल्या विणणारा. लोकांच्या मनातला राजा टोपल्या विणत होता, हीच मुळात केवढी कविता आहे! 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो कोट खणला. आत तलवार निघाली नाही. दगडी पेटी निघाली, तिच्यात बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे तुकडे. त्याच मुलखात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राजानं शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा धरली, हे त्यात आहे. भुईगावला 1956 साली नवव्याचा तुकडा मिळाला. लग्न-आजार-प्रवासाचे पोकळ विधी सोडा, दास आणि नोकरांशी नीट वागा, खरं मंगल ते, असं त्याचं सांगणं. अशोकाला देव करू नका. त्यानं फौज मोडली नव्हती, आणि तेराव्या लेखात जंगलातल्या लोकांना त्यानं दमही दिलाय, आपल्या आदिवासी मित्रांनी ते वाचावं. पण त्याच्या तलवारीचं पातं आज कुणाला ठाऊक नाही. अक्षर ठाऊक आहे. लोखंडाला गंज चढला, दगडावरचं प्राकृत वाचता आलं.

तेव्हा कवितेत एखादी वस्तू आणताना एकच कसोटी लावा. ही वस्तू माझ्या शेजाऱ्याच्या हातात गेली तर माझा मान कमी होतो का? होत असेल तर ती वाड्यावरची वस्तू, परत करा. होत नसेल तर ती आपली.

पुढच्या अंकासाठी कविता पाठवा. पहारीच्या, सळईच्या, विळ्याच्या, टोपलीच्या, मोबाईलवर टाईप केलेल्या अर्जाच्या पाठवा. तलवारीची आली तर परत येईल, पण का परत केली ते लिहून येईल. भांडायचं असेल तर रविवारी विहारात या.

जयभीम.